शिट्टीची सनद

कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका जुन्या घराच्या सोप्यात, दर रविवारी रात्री आठ वाजता आम्ही आठ-दहा माणसे जमतो. ज्याने त्या आठवड्यात जो चित्रपट पाहिला असेल त्याचे त्याने निवेदन करावे, इतरांनी खोदून खोदून विचारावे, आणि तरीही तंटा मिटला नाही तर तोच चित्रपट सर्वांनी मिळून पुन्हा पाहावा, अशी गेल्या काही वर्षांची आमची वहिवाट आहे. बैठकीस येणाऱ्यांत वायरमनची नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, तालमीत अंग कमावून आता उसाच्या शेतीत रमलेला एक पैलवान आहे, शिवणकामावर घर चालविणाऱ्या एक मावशी आहेत, दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक पेंटर आहे आणि अभियांत्रिकी शिकणारी दोन मुले आहेत. चित्रपटांविषयी मत देण्याचा परवाना यांपैकी कोणाजवळही नाही. आम्ही निवडतो ते चित्रपटही प्रतिष्ठितांच्या पंक्तीतले नसतात. भयपट, रहस्यपट, मारधाडीचे आणि पोशाखी चित्रपट, आणि प्रथम प्रदर्शनाच्या वेळी ज्यांची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही परंतु पुढे ज्यांचा लोकांना नाद लागला असे चित्रपट, हेच आमचे मुख्य खाद्य. या शेवटच्या प्रकारास शहरातील मंडळी ‘कल्ट’ म्हणतात. कोल्हापुरास त्यासाठी शब्द उसना आणण्याचे कारण नाही. एखाद्या गोष्टीवर जीव जडावा, तिच्यापायी वेळेचे आणि व्यवहाराचे भान सुटावे आणि तरीही त्या भान सुटण्याचा अभिमान वाटावा, या अवस्थेला येथील आबालवृद्ध ‘नाद खुळा’ म्हणतात, आणि तेवढ्या दोन शब्दांत त्या सर्व प्रकाराची व्याख्या सामावलेली आहे.

मागच्या पावसाळ्यात या बैठकीस एक वयोवृद्ध गुरुजी आले. ज्यांच्या हाताखाली बावड्यातील दोन पिढ्या शिकल्या त्यांच्यापैकी ते एक, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे तो या लेखाच्या शेवटच्या शब्दापर्यंत अबाधित राहील. त्या रात्री आम्ही दीड तास केवळ ‘झपाटलेला’ या चित्रपटातील तात्या विंचू या बाहुल्याविषयी बोललो. गुरुजींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि उठताना ते एवढेच म्हणाले, “बाबांनो, ज्या गावानं बाबूराव पेंटर दिले, भालजी पेंढारकर दिले, त्या गावात तुम्ही बाहुल्यांच्या आणि भुतांच्या सिनेमावर रात्री घालवता, याचं मला वाईट वाटतं.” पुढील आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी आपले म्हणणे सविस्तर सांगितले. ते येथे त्यांच्याच बाजूने, काही न वगळता मांडणे हे माझे पहिले कर्तव्य आहे. कारण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याचा सहज पराभव करायचा, ही रीत शास्त्रार्थाची नव्हे.

गुरुजींचे म्हणणे असे, की कला ही माणसाला त्याच्या जीवनाकडे नेणारी असावी. भुते, राक्षस, तलवारी आणि खून यांचे चित्रपट त्याला जीवनापासून दूर नेतात, म्हणून ते मुळातच कनिष्ठ. शिवाय हे चित्रपट बहुधा परदेशी चित्रपटांवरून उचललेले असतात आणि एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा काढलेले असतात. अशा चित्रपटांवर मते देणारी माणसेही अनधिकारी. ज्याने छायालेखन शिकलेले नाही, नाट्यशास्त्राचे पान उलटलेले नाही, त्याच्या आवडीनिवडीला मत म्हणणे हा मत या शब्दाचा अपमान होय. आणि अखेरीस त्यांनी एक असा दाखला पुढे केला की तो ऐकून मला काही वेळ बोलता आले नाही: बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची ती कहाणी पडद्यावर आली, आणि पौराणिक चमत्कारांना आणि पोशाखी वैभवाला सोकावलेल्या याच प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. “तुमच्या प्रेक्षकाचा न्याय तो हा,” असे गुरुजी म्हणाले.

ज्या बाबूरावांच्या नावाने आमची बैठक दोषी ठरविली गेली, त्यांच्यापासूनच आरंभ करतो. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले, पण सख्ख्या भावासारखेच ओळखले जाणारे आनंदराव, हे दोघे प्रथम नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना चित्रपटांचा नाद लागला. नाद हा शब्द मी येथे विचारपूर्वक वापरीत आहे. चित्रपट दाखविण्याचे यंत्र मुंबईहून जुने-पुराणे मिळवून ते खेळ करू लागले, आणि खेळ करता करता तेच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून, पट्टी हाताने पुढे-मागे सरकवून, हलत्या चित्राचे मर्म शोधू लागले. त्यांना कोणत्या विद्यापीठाने पदवी दिली होती? १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला, आणि तानीबाई कागलकरांसारख्या गायिकेने विश्वासाने पैसा पुढे केला म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. म्हणजे कोल्हापुरातील चित्रपटकलेचा जन्म दोन वेड्या प्रेक्षकांच्या आणि एका रसिक बाईच्या श्रद्धेतून झाला. प्रेक्षकाला अनधिकारी ठरविणारा नियम त्या काळी लागू असता तर बाबूराव ‘पेंटर’च राहिले असते.

आणि त्यांनी प्रथम काय काढले? १९२० साली ‘सैरंध्री’. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब आणि इतके भयंकर होते की पाहणारांच्या अंगावर काटा आला आणि सरकारने त्या दृश्याला कात्री लावली. आज ‘सैरंध्री’ची प्रत पाहावयास मिळत नाही. आपणांजवळ त्या चित्रपटाचे जे काही उरले आहे त्यात पाहणारांच्या भयाचा वृत्तांत हा सर्वांत जिवंत भाग आहे. ज्या थरकापाला गुरुजी जीवनापासून दूर नेणारा म्हणतात, त्याच थरकापाच्या आठवणीने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मोठा चित्रपट शंभर वर्षे ओलांडून आपल्यापर्यंत आला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडून शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘प्रभात’ हे नाव उच्चारताच ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘संत तुकाराम’ यांची आठवण होऊन आपण नम्र होतो आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच प्रभातने १९३० साली ‘खुनी खंजीर’ या नावाचा मूकपट काढला होता, हे किती जणांच्या ध्यानात असते? १९३२ साली, कोल्हापूर सोडून पुण्यास जाण्याच्या आदल्याच वर्षी, त्यांनी ‘माया मच्छिंद्र’ काढला. स्त्रियांचे राज्य, तेथे गुंतून पडलेला योगी, त्यास सोडवावयास निघालेला शिष्य गोरख, आणि राणीच्या वेषात, पाळीव चित्त्याच्या सान्निध्यात वावरणाऱ्या दुर्गाबाई खोटे. ज्या घरांत ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण होते त्या घरांत ही कथा श्रद्धेने ऐकली जाते, ती पडद्यावर येते तेव्हा मात्र तिला अद्भुतपट म्हणून खालच्या पायरीवर बसविले जाते, हा न्याय मला कधीच समजला नाही. पुण्यास गेल्यावर १९३४ साली ‘अमृतमंथन’ निघाला आणि त्यातील राजगुरूचा पडदाभर व्यापणारा डोळा पाहून लोक दचकले. भय, अद्भुत आणि शौर्य यांच्या चित्रपटांवरच प्रभातच्या कारागिरांचा हात बसला. तो हात तसा बसला नसता तर तुकोबांचे वैकुंठगमन त्याच हातांनी पडद्यावर कसे उतरले असते?

आता शास्त्राकडे वळू, कारण गुरुजींनी नाट्यशास्त्राचे नाव काढले आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले. त्यांत शृंगार, करुण आणि वीर यांच्या पंक्तीला भयानक, बीभत्स आणि अद्भुत हेही बसलेले आहेत. भयपटाला कनिष्ठ मानण्याची वृत्ती आपल्या परंपरेतून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातील शाळेतून, वास्तव तेवढे सत्य आणि उपयुक्त तेवढे सुंदर असे मानणाऱ्या शाळेतून, आपल्या अंगवळणी पडली आणि मग आपण तिलाच संस्कार समजू लागलो. परंतु त्याहून महत्त्वाचा भाग सत्ताविसाव्या अध्यायात आहे आणि तो वाचल्यापासून माझी या विषयातील भूमिका कायम झाली. त्या अध्यायाचा विषय आहे प्रयोगाची सिद्धी, म्हणजे नाटक साधले हे ओळखावयाचे कशावरून. भरत म्हणतात, सिद्धी दोन प्रकारची, दैवी आणि मानुषी. आणि मानुषी सिद्धीच्या खुणा म्हणून ते जी यादी देतात ती सगळी प्रेक्षकांच्या वर्तनाची आहे. स्मित, अर्धहास, मोठ्याने हसणे, ‘साधु’ म्हणणे, ‘अहो’ म्हणून उद्गारणे, दुःखाने ‘कष्ट’ असे म्हणणे, एकच गजर होणे. अंगावर रोमांच उठणे, जागेवरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातील अंगठी रंगभूमीकडे फेकणे. उषा, पद्मा, रॉयल आणि उमा या कोल्हापूरच्या चित्रपटगृहांत, बावड्याहून सायकलवर दोघे-दोघे बसून, नव्या राजवाड्यावरून शहरात जाऊन ज्यांनी पुढच्या बाकांवरून चित्रपट पाहिले आहेत त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. पडद्याकडे फेकलेली नाणी, डोक्यावरून भिरकावलेल्या टोप्या, जागेवरून उठून मारलेली शिट्टी, या सर्वांना भरतांच्या दप्तरात नोंद आहे, आणि ती नोंद गोंधळाच्या सदरात नसून सिद्धीच्या सदरात आहे. शिट्टीला इतकी जुनी सनद असताना ती रद्द करण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

कोणी म्हणेल, उत्स्फूर्त उद्गार निराळा आणि विचारपूर्वक दिलेले मत निराळे. मान्य आहे, आणि भरतांनाही ते मान्य होते. म्हणूनच त्याच अध्यायात प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निवाडा कोणी करावा तेही त्यांनी सांगितले. हे निवाडा करणारे, प्राश्निक, दहा आहेत. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, राजा आहे. तसाच धनुर्धर आहे, चित्रकार आहे, नर्तक आहे, वेश्या आहे आणि राजाचा सेवक आहे. ज्याला जे प्रत्यक्ष व्यवहारात ठाऊक आहे त्याविषयी त्याचा शब्द प्रमाण मानावा, असा त्यामागील आशय आहे. रंगभूमीवर बाण सोडणाऱ्याचे पाऊल बरोबर पडले की नाही, हे वैयाकरणाला कसे कळावे? आमच्या बैठकीतील पैलवान चित्रपटातील मारामारी पाहतो तेव्हा त्याचे लक्ष मारणाऱ्याच्या मुठीकडे नसते, पडणाऱ्याच्या टाचेकडे असते. माणूस खरोखर आदळला की ठरवून पडला, हे तो टाचेवरून सांगतो. मावशी पोशाखी चित्रपटातील राजकन्येच्या चोळीची शिवण पाहून हे कापड त्या काळचे नाही असे बिनदिक्कत जाहीर करतात. आणि आमचे वायरमनकाका, ज्यांनी आयुष्यभर उजेडाचीच व्यवस्था पाहिली, ते प्रत्येक भयपटाला एकच प्रश्न विचारतात: हा उजेड येतोय कुठनं? ज्या गावच्या बाबूरावांनी १९२३ साली ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्र चित्रित केली, त्या गावात हा प्रश्न विचारला जावा, यात मला परंपरेचे सातत्य दिसते.

आणि कोल्हापूरकरांना मी याहून निराळा दाखला तरी का द्यावा? शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहावयास बसलेल्या हजारो माणसांपैकी किती जणांनी स्वतः लंगोट चढविलेला असतो? तरीही ढाक लागली की कलाजंग, घिस्सा बसला की चुकला, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला कळते, आणि पंचाने चूक केल्यास मैदान ती चूक मान्य करीत नाही. मुख्य गोष्ट ही, की सगळे डाव सर्वांना ठाऊक असतात. नवा डाव पाहावयास कोणी जात नाही. जुनाच डाव या मल्लाने या क्षणी, या प्रतिस्पर्ध्यावर कसा टाकला, ते पाहावयास लोक उन्हात बसतात. साच्यातले चित्रपट म्हणून ज्यांची हेटाळणी होते त्यांचा आनंद नेमका हाच आहे. ओसाड वाडा, पावसाळी रात्र, बंद खोली आणि तिची किल्ली जवळ बाळगणारा म्हातारा, हे भयपटाचे ठरलेले डाव होत. ते ठरलेले आहेत म्हणूनच त्यांतील कसब मोजता येते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. फड, लावणी, पाटील आणि अन्याय यांचा साचा त्या प्रेक्षकांना काय अपरिचित होता?

नकलेच्या आरोपाला मात्र मी इतक्या सहजासहजी बगल देणार नाही, कारण तो खरा आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटाची मूळ कल्पना, मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही, १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातली आहे. परंतु कल्पना उचलली एवढे सांगून टीकाकार थांबतो, आणि नेमके जेथून सांगावयास सुरुवात करावयाची तेथेच तो थांबतो. त्या परदेशी चित्रपटात बाहुला एका लहान मुलाच्या हाती येतो. मुलाच्या हातातले खेळणे जिवंत होणे ही तेथील भीती आहे. मराठी चित्रपटात तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्याच्या हाती येतो आणि लक्ष्या आहे शब्दभ्रमकार. या एका बदलाने सर्व कथेचा पाया बदलला. बोलक्या बाहुल्यांची आपल्याकडे स्वतःची परंपरा आहे. यशवंत पाध्ये यांनी घडविलेला अर्धवटराव महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला, त्यांच्या पुत्राने, रामदास पाध्ये यांनी, तो घरोघरी पोचविला, आणि तात्या विंचूचा बाहुला घडविणारे आणि नाचविणारे हातही त्याच रामदास पाध्ये यांचे. मराठी मुलाच्या मनात बोलका बाहुला हा हजरजबाबी, आगाऊ, पण घरचा माणूस होता. त्याचा आवाज दुसऱ्याचा असतो हे गुपित सर्वांना ठाऊक होते आणि त्या गुपितातच मौज होती. ‘झपाटलेला’ने ते गुपितच हिरावून घेतले. आता बाहुल्याला स्वतःचा आवाज आहे, दिलीप प्रभावळकरांनी दिलेला तो खरखरीत, पोटातून आलेला आवाज. लक्ष्या ओरडून सांगतो की बाहुला स्वतः बोलतो, आणि त्याचा धंदाच शब्दभ्रमाचा असल्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ज्या माणसाने जन्मभर निर्जीवाला वाचा दिली त्याची स्वतःची वाचा अशी अविश्वसनीय ठरावी, याहून गंभीर कल्पना आपल्या तथाकथित गंभीर चित्रपटांत किती सापडतील? त्या रात्री आम्ही दीड तास बोललो तो याविषयी. लक्ष्मीकांत बेर्डे यांना आपण हसविणारा नट म्हणून डोक्यावर घेतले, परंतु भ्यालेला, एकाकी पडलेला, कोणाला पटवून देऊ न शकणारा माणूस त्यांनी त्या चित्रपटात किती खरेपणाने उभा केला, हे पाहावयास तो चित्रपट दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पाहावा लागतो. पोथीच्या पारायणाला कोणी पुनरावृत्ती म्हणून हसत नाही.

‘तुंबाड’चे उदाहरण त्याहून ताजे आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, परंतु रक्त मराठी: नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारे, बीज नारायण धारपांच्या कथासृष्टीतले, वाडे आणि पाऊस आपल्या मुलखातले. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांच्या सप्ताहाचा आरंभ याच चित्रपटाने झाला होता, तरी येथे त्यास पहिल्या खेपेस बेताचाच प्रेक्षक लाभला. मग सहा वर्षे माणसे एकमेकांना त्याविषयी सांगत राहिली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला त्याने या दुसऱ्या वेळी जमविला. या सहा वर्षांच्या अवधीत चित्रपटाची एकही चौकट बदललेली नव्हती. बदल झाला तो पाहणारांच्या बोलण्यामुळे.

आमच्या बैठकीतही त्यावर तीन रविवार खर्ची पडले. पोरे त्यातील लोभाविषयी बोलत होती, जे कोणीही बोलेल, इतक्यात पैलवान म्हणाला, “सोनं खाऊन पोट भरत न्हाई, म्हणून तर त्यो पिठाला भुलतोय.” आणि आम्ही सर्व गप्प झालो. कारण त्या चित्रपटाची सर्व पुराणकथा त्या वाक्यात होती: देवीच्या पहिल्या पुत्राने, हस्तरने, सोने मिळविले पण धान्य त्याला मिळू दिले गेले नाही, म्हणून तो अनंत काळ भुकेला आहे, आणि म्हणून पिठाची बाहुली दाखवून त्याच्याजवळचे सोने काढून घेता येते. ज्याने उसासारखे नगदी पीक घेतले, कारखान्याच्या बिलाची वाट पाहिली आणि घरात ज्वारी विकत आणली, त्याला ही कथा वाचून समजावून घ्यावी लागली नाही. गुरुजी म्हणतात की भयपट जीवनापासून दूर नेतो. त्या रात्री एका भयपटाने आम्हांला आमच्या बांधावर आणून उभे केले.

आता ‘सावकारी पाश’. गुरुजींचा दाखला खरा आहे आणि मी तो पुसून टाकू इच्छीत नाही. नारायण हरी आपटे यांची कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत स्वतः शांताराम, आणि तरीही त्या काळच्या प्रेक्षकाने त्या चित्रपटाला हवा तसा आश्रय दिला नाही. प्रेक्षक चुकतो, गर्दी आणि गुण यांची सांगड नेहमी बसत नाही, गल्ल्याच्या आकड्याला न्याय मानणारा मनुष्य माझ्या पक्षाचा नव्हे. परंतु त्या चित्रपटाची साक्ष पुढे कोणी दिली, तेही पाहावे लागेल. बाबूरावांनी १९३६ साली तोच विषय बोलपटात पुन्हा घेतला. त्यातील काळोखातली एक उदास झोपडी आणि ऐकू येणारे कुत्र्याचे रडणे, हे चित्र आयुष्यभर मनात बाळगून बाबूरावांना थोर निर्माता म्हणून ज्यांनी गौरविले ते गृहस्थ होते जे. बी. एच. वाडिया. हे वाडिया कोण? १९३५ सालच्या ‘हंटरवाली’चे निर्माते; मारधाडीच्या चित्रपटांचे मुंबईतील अध्वर्यू. ज्यांचे बरेचसे आयुष्य धावत्या आगगाडीवरील झटापटींत आणि चाबकाच्या फटकाऱ्यांत गेले त्यांच्याच डोळ्यांनी ती झोपडी नेमकी टिपली. काळोख कसा असावा, आवाज कोठून यावा, चौकट किती वेळ रिकामी ठेवावी, हे पाहण्याची सवय ज्याला आहे त्यालाच ती झोपडी दिसते. आणि ही सवय रहस्यपट आणि भयपट पाहून जशी लागते तशी क्वचितच दुसऱ्या कशाने लागते. रुची ही एकच असते. ती हलक्याची निराळी आणि भारीची निराळी अशी दोन खात्यांत वाटता येत नाही.

हे सर्व म्हटल्यावर माझ्या स्वतःच्या पक्षातील लोकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. बहुसंख्य भयपट भिकार असतात, स्त्रियांना केवळ किंचाळावयास लावणारे असतात, आणि अंधश्रद्धेला खतपाणी घालून पैसा करणारे असतात. त्यांची तरफदारी मी करणार नाही. त्याचप्रमाणे अलीकडे तरुणांत एक रीत पडली आहे, की एखादा फसलेला चित्रपट मुद्दाम शोधून काढावयाचा आणि तो किती वाईट आहे याची टिंगल करीत रात्र घालवावयाची. रामसे बंधूंच्या चित्रपटांचे पुष्कळदा असेच होते. मला हा प्रकार मान्य नाही. महाबळेश्वरच्या थंडीत, अपुऱ्या पैशांत, तोंडाला रबर आणि रंग फासून ज्यांनी तासन् तास काम केले, त्यांच्या श्रमाकडे वरून पाहून हसणारा प्रेक्षक आणि तोच चित्रपट न पाहताच तुच्छ लेखणारा विद्वान, या दोघांत फरक एवढाच की दुसरा निदान तिकिटाचे पैसे वाचवितो. आवडला तर आवडला म्हणावे, भीती वाटली तर वाटली म्हणावे. आपल्या आवडीची लाज झाकण्यासाठी हसण्याचा बुरखा घेऊ नये.

आणि नुसते “लई भारी” हेही मत नव्हे. आमच्या बैठकीचा दंडक असा, की निर्णय सांगण्यापूर्वी बोलणाऱ्याने त्या चित्रपटातील एक प्रसंग, कोण कोठे उभे होते, उजेड कोणत्या बाजूने होता, काय ऐकू येत होते, हे सर्व बिनचूक सांगावे. ज्याला ते सांगता येत नाही त्याने चित्रपट पाहिलेला नाही असे समजून त्याला पुन्हा पाहावयास पाठविले जाते. सांगितलेले सर्व आमचे पेंटर एका जाड वहीत उतरवून घेतात: तारीख, चित्रपट, कोठे पाहिला, प्रसंग, आणि फैसला. दुकानदार रोजकीर्द लिहितो तशी ही आमची रोजकीर्द. प्रथम मला या खटाटोपाचे महत्त्व तितकेसे वाटत नव्हते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यास, जेथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटच्या जुन्या चित्रफिती जळाल्या, ती हकीकत बैठकीत एका रविवारी वाचली गेली तेव्हा मात्र मला या वहीची किंमत कळली. चित्रफीत जळते, चित्रपटगृहे बंद पडतात, स्टुडिओच्या जागांचे व्यवहार होतात. १९२० साली ‘सैरंध्री’ पाहून घरी परतलेल्या एखाद्या कोल्हापूरकराने त्या रात्री असे एक पान लिहून ठेवले असते, कीचक कसा पडला, भीमाच्या तोंडावर सावली होती की उजेड, शेजारचा मनुष्य काय ओरडला, तर आज ते एक पान आपण कोणत्या मोलाने विकत घेतले नसते?

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे, की मागच्या महिन्यात आपण जो भयपट, जो रहस्यपट किंवा जो मारधाडीचा चित्रपट आवडीने पाहिला असेल, त्यातील एक प्रसंग आजच लिहून काढावा, तारखेसह, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावा. गुरुजींना मी हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ‘माया मच्छिंद्र’ आपण पाहिलेला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. येत्या रविवारी रात्री आठ वाजता आमच्या सोप्यात तोच आहे, आणि गुरुजी येणार आहेत.